प्रश्न पत्त्याचा, उत्तर आपले

(तृतीय वर्ष, कला)

‘पत्ते’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. ‘पत्ते कुटत बसला होता’ हे वाक्य कोणाच्या कौतुकासाठी वापरल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. गंमत अशी की हीच मंडळी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळच्या पडवीत आपल्याशी बदाम-सात, झब्बू, मेंढीकोट खेळत असतात आणि गुलामचोरात नातवावर गुलाम आला की टाळ्या पिटतात. म्हणजे पत्ते मे महिन्यात शिष्टसंमत आणि जून उजाडला की निषिद्ध!

परंतु मला आज ज्या पत्त्यांविषयी लिहायचे आहे, ते हे बावन्न पत्ते नव्हेत. गेली एक-दोन वर्षे आपल्या कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आणि वसतिगृहाच्या गच्चीवर एक निराळाच जोड दिसू लागला आहे. त्यात राजा नाही, राणी नाही, हुकूम नाही. प्रत्येक पत्त्यावर फक्त एक प्रश्न लिहिलेला असतो. पत्ते मधोमध पालथे ठेवायचे, भोवती गोल करून बसायचे, पाळी येईल त्याने वरचा पत्ता उचलून मोठ्याने वाचायचा आणि त्याचे उत्तर द्यायचे. वाटल्यास इतरांनीही त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे. गुण नाहीत, हारजीत नाही. डाव संपला असे कोणी जाहीर करत नाही. चहा संपतो, तासाची घंटा होते, तेव्हा मंडळी उठतात.

आणि प्रश्न तरी कसले? ‘आपण भाजी असता तर कोणती असता?’ ‘आपल्या घरातली कोणती वस्तू बोलू लागली तर आपली पंचाईत होईल?’ ‘एक दिवस आपल्याला एस.टी.चा थांबा व्हायचे आहे. कुठे उभे राहाल?’ अशा प्रश्नांची उत्तरे देण्यात पदवीच्या मुलांनी दुपार घालवावी हे काही प्राध्यापकांना आणि काही अभ्यासू विद्यार्थ्यांनाही रुचत नाही. ‘एवढा वेळ हाताशी आहे तर वाचनालयात बसा’, असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. हा खेळ बाष्कळ आहे हेही मला मान्य आहे. किंबहुना तो बाष्कळ आहे म्हणूनच उपयोगाचा आहे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

आपण एरवी एकमेकांना कोणते प्रश्न विचारतो, ते आठवून पाहा. नवा मुलगा वर्गात आला की पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून अंदाज बांधता आला नाही तर दुसरा प्रश्न गावाचा. मग वडील काय करतात, दहावीला किती टक्के होते, माध्यम मराठी की इंग्रजी, राहतोस कुठे. हे प्रश्न वरकरणी आपुलकीचे असतात. पण प्रत्येक प्रश्नाच्या मागे एक शिडी उभी असते आणि उत्तर आले की आपण त्या माणसाला मनातल्या मनात कुठल्या तरी पायरीवर बसवून मोकळे होतो. आडनाव विचारताना आपण खरे म्हणजे काय विचारत असतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ज्याला विचारले त्यालाही. एकदा पायरी ठरली की पुढची तीन वर्षे त्याच पायरीवरून नमस्कार-चमत्कार चालू राहतात.

‘आपण भाजी असता तर कोणती?’ या प्रश्नाला मात्र अशी शिडी नाही. नव्वद टक्के मिळवणाऱ्याला त्याचे उत्तर अधिक चांगले येते असे नाही. ज्याच्या घरी चार पिढ्यांची पुस्तकांची कपाटे आहेत आणि ज्याच्या घरातला तो पहिलाच महाविद्यालयात आला आहे, ते दोघेही या प्रश्नापुढे सारखेच गोंधळतात. एकदा आमच्या एका प्राध्यापकांना आम्ही आग्रहाने या खेळात बसवले आणि नेमका हाच पत्ता त्यांच्या हाती आला. ते क्षणभर विचार करून म्हणाले, “मी शेपू. प्रकृतीला उत्तम, पण आपण होऊन कोणी मागत नाही. माझ्या तासाचेही तसेच आहे.” सगळे पोट धरून हसले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या तासाला मागच्या बाकावरून दोन शंका विचारल्या गेल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. विषय तोच होता, प्राध्यापक तेच होते. फक्त त्यांना शंका विचारण्याची भीती काहीशी कमी झाली होती.

आता थोडे अधिक गंभीर उदाहरण देतो. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. एकांकिकेची तालीम असो, चर्चासत्र असो की कोणाचा वाढदिवस, सव्वापाच वाजले की हा दप्तर उचलून चालू लागे. कारण सांगत नसे. वर्गाने त्याचे नाव ‘सव्वापाच’ ठेवले होते. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात या नावावर एक फिशपाँडही पडला. सभागृह हसले, तोही हसला आणि सव्वापाचला निघून गेला. यंदा पावसाळ्यात एका दुपारी खेळ रंगला असताना एस.टी.च्या थांब्याचा पत्ता त्याच्याकडे आला. तो म्हणाला, “मी आमचा फाटा होईन. पत्र्याची शेड नाही, बसायला बाक नाही, सगळे नावे ठेवतात. पण तिथे उतरल्याशिवाय कोणाचे घर येत नाही.” कोणीतरी सहज विचारले, कुठला रे फाटा? मग कळले, की त्याच्या बाजूची शेवटची गाडी साडेपाचला सुटते, ती फाट्यापर्यंतच जाते, पुढे वाडीपर्यंत तीन किलोमीटर पायी, आणि ती गाडी चुकली की त्या रात्री घर नाही. हे सांगताना त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. तो एका फाट्याचे आत्मचरित्र सांगत होता, आणि ऐकणारे हसत हसत हळूहळू गप्प होत गेले. दुसऱ्याच दिवशी एकांकिकेची तालीम दुपारच्या सुट्टीत घ्यायचे ठरले.

ही गोष्ट अडीच वर्षांत कोणालाच कशी कळली नाही? तो कोणाशी बोलत नव्हता असे नाही. पण ‘तू तालीम अर्ध्यावर टाकून का जातोस?’ हा प्रश्न नसून आरोप आहे. आरोप झाला की माणूस बचाव करतो किंवा गप्प बसतो. उलट, ‘तुला काही अडचण आहे का?’ असे कनवाळूपणे विचारले की त्याला दयेचा वास येतो, आणि गरिबीपेक्षा दया अधिक बोचते. पत्त्याने यातले काहीच केले नाही. त्याने एक मूर्खपणाचा प्रश्न पुढे टाकला आणि किती सांगायचे, कुठे थांबायचे, हे त्या मुलावर सोडले. त्याला वाटले असते तर मुंबईच्या एखाद्या थांब्याचे नाव सांगून त्याने वेळ मारून नेली असती. कोणालाही काही कळले नसते.

खेळाच्या आडोशाने मनातले बोलण्याची ही रीत आपल्याला काही नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती आपल्यापेक्षा फार सफाईने वापरली. नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही असा दंडक होता. पण उखाण्यात ते नाव यमकात बांधून चारचौघांत ठणकावून घेता येत असे, आणि लोक आग्रहाने ‘नाव घ्या, नाव घ्या’ म्हणत. मंगळागौरीच्या रात्री सासू-सुनेची, नणंद-भावजयीची भांडणे खेळ म्हणून होत. दिवसा जे ओठावर आणायची सोय नव्हती, ते रात्री फुगडीच्या तालावर बोलले जाई, आणि सकाळी कोणी त्याचा जाब विचारत नसे. कारण तो खेळ होता. जे रीतीने अडवले, त्याला खेळाने अशी वाट करून दिली.

पाश्चात्त्य देशांतही हेच घडलेले दिसते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरोघरी ‘कबुलीजबाबाच्या वह्या’ असत. त्यात छापील प्रश्न असत: आवडता रंग, आवडता गुण, आवडता पदार्थ. आल्यागेल्याने त्यांची उत्तरे लिहायची. १८६५ साली कार्ल मार्क्सने आपल्या मुलींच्या आग्रहावरून असे प्रश्न सोडवले. ‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे ग्रंथाचे काम चालू असतानाच हा गृहस्थ आवडता रंग लाल आणि आवडता पदार्थ मासे, अशी उत्तरे लिहीत होता. सुख म्हणजे काय याला त्याने लढणे असे उत्तर दिले, आणि सर्वांत तिरस्करणीय दुर्गुण म्हणून लाचारीचे नाव घेतले. मासे आणि लाचारी एकाच कागदावर! पुढे फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तनेही किशोरवयात मैत्रिणीच्या अशाच वहीत उत्तरे लिहिली, आणि प्रश्न त्याचे नसूनही ती प्रश्नावली आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. शाळेत आपण ज्या स्लॅम बुकात आवडता नट आणि आवडता रंग लिहिला, ती याच घराण्यातली.

पत्त्यांच्या रूपात हा प्रकार आला तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेत रिया झाकिच नावाच्या एका गृहिणीचे बोलणे घशाच्या दुखण्यामुळे काही महिने बंद झाले. घरातली माणसे एकमेकांशी खरे काही बोलतच नाहीत हे मुकेपणी तिच्या ध्यानात आले, आणि तिने कागदाच्या तुकड्यांवर प्रश्न लिहायला घेतले. त्यातून ‘अनगेम’ हा हारजीत नसलेला खेळ तयार झाला. बोलण्याचा खेळ न बोलता येणाऱ्या बाईने काढावा, यातले मर्म विचार करण्यासारखे आहे. पुढे १९९७ साली आर्थर एरॉन या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी छत्तीस प्रश्नांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्यांनी सुमारे पाऊण तास पाळीपाळीने हे प्रश्न सोडवले. दुसऱ्या जोड्यांनी तेवढाच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पहिल्या जोड्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली. प्रश्न हलक्याफुलक्याकडून हळूहळू खोलाकडे जात, आणि दोघांनीही उत्तर द्यायचे असे. वर्तमानपत्रांनी २०१५ नंतर त्याचा ‘प्रेमात पाडणारे प्रश्न’ असा गाजावाजा केला, ती गोष्ट वेगळी. मला त्यातली पाळी महत्त्वाची वाटते. जो विचारतो त्यालाही उत्तर द्यावेच लागते.

इथेच फिशपाँड आणि हा खेळ यांतला भेद स्पष्ट होतो. फिशपाँड ही आपल्या महाविद्यालयांची जुनी, लाडकी प्रथा आहे आणि ती बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. स्नेहसंमेलनात तो एक तास नसेल तर निम्मे सभागृह रिकामे राहील. पण त्यात लिहिणारा पेटीच्या आड लपतो आणि ज्याच्यावर लिहिले तो भर सभागृहात उघडा पडतो. त्याला उत्तर देण्याची सोय नसते. हसणे एवढेच त्याच्या हाती असते. ‘सव्वापाच’वरचा फिशपाँड लिहिणाऱ्याला फाटा ठाऊक नव्हता आणि ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही नव्हती. पत्त्यांच्या खेळात सगळेच समोर बसलेले असतात, आणि पाळी फिरत फिरत प्रत्येकावर येते.

प्रश्न हे हत्यारही होऊ शकते, हे विसरून चालणार नाही. ‘ओळख करून घ्या’ या गोंडस नावाखाली नवागतांना रांगेत उभे करून नको ते प्रश्न विचारण्याचे प्रकार महाराष्ट्रातल्या वसतिगृहांनी पुष्कळ पाहिले. ते थांबावेत म्हणून १९९९ साली राज्याला रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. तिथेही प्रश्न बाष्कळच असतात, तिथेही हशा पिकतो. फरक एवढाच, की तिथे प्रश्न विचारणारा स्वतः कधीच उत्तर देत नाही आणि समोरच्याला नाही म्हणण्याची मुभा नसते. म्हणून आमच्या कंपूने पहिल्याच दिवशी दोन नियम केले. पत्ता न आवडल्यास कारण न देता तो गठ्ठ्याखाली सरकवता येतो. आणि गोलात सांगितलेली गोष्ट गोलाबाहेर चेष्टेसाठी न्यायची नाही. दुसरा नियम मोडणाऱ्याला पुढच्या खेळात जागा नाही. हे दोन नियम नसतील तर हा खेळ खेळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बाजारातल्या जोडांविषयी. असे जोड दुकानांतून आणि मोबाइलवरूनही मिळतात, परंतु बहुतेक इंग्रजीत. आमच्याकडे प्रथम असाच एक जोड आला. त्यातले प्रश्न परक्या शाळांतले नाचाचे समारंभ आणि मोटारीने केलेल्या लांबच्या सहली यांभोवती फिरणारे. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे, ज्यांचे इंग्रजी सफाईदार ते ऐटीत पत्ता वाचत. बाकीचे अडखळत वाचत आणि दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळे होत. जी शिडी मोडायची तीच पुन्हा उभी राहिली! तेव्हा काही जणींनी घरून जुन्या लग्नपत्रिका आणल्या, त्यांचे कोरे भाग सारख्या आकारात कापले आणि त्यांवर मराठीत प्रश्न लिहायला घेतले.

तिथे एक गोड पेच पडला. प्रश्नात संबोधन कोणते वापरायचे? ‘तू’ लिहिले तर प्राध्यापक किंवा कँटीनचे काका खेळायला बसले की पंचाईत. ‘तुम्ही’ लिहिले तर मित्रामित्रांत परकेपणा. बराच खल झाल्यावर ‘आपण’ या शब्दावर एकमत झाले. आणि मग ध्यानात आले, की मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी समोरचा माणूस, आणि ‘आपण’ म्हणजे तो नि मी मिळून सगळेच. ‘आपण कोणाला घाबरता?’ असे पत्ता विचारतो. आणि उत्तर ऐकता ऐकता ‘आपण कोणाला घाबरतो?’ असा विचार भोवतीच्या सगळ्यांच्या मनात सुरू होतो. इंग्रजी जोडात ही सोय नव्हती. व्याकरणाच्या तासाला सर्वनामाचा एवढा उपयोग कधी समजला नव्हता.

काही जण म्हणतात, मैत्रीला असल्या कुबड्या कशाला? खऱ्या मित्रांना पत्ते लागत नाहीत. पारावर, ओट्यावर बसले की बोलणे आपोआप सुरू होते. आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण पारावर कोण बसत असे, हेही पाहायला हवे. गावच्या पारावर सगळ्या आळ्यांतली माणसे बसत नव्हती आणि बायका तर नव्हत्याच. ज्यांचे आधीच जमत होते त्यांचेच तिथे जमे. आमच्या वर्गात आजही मुली एका बाजूला आणि मुले दुसऱ्या बाजूला बसतात; वसतिगृहाचे एका घोळक्यात, शहरातले दुसऱ्यात, एस.टी.ने येणारे तिसऱ्यात. २०२० आणि २०२१ सालच्या टाळेबंदीत आमच्यापैकी पुष्कळांची शाळा मोबाइलच्या चौकोनात भरली. शेजारच्या बाकाशी बोलायची सवय ज्या वयात लागते, ते वय बंद दाराआड गेले. अशा मुलांना ‘बोला की आपोआप!’ असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहीर दाखवण्यासारखे आहे. प्रथम पाठीला भोपळा बांधावा लागतो. पुढे हात मारता येऊ लागले की भोपळा आपणच सोडतो.

तेव्हा या खेळाकडून अवाजवी अपेक्षा न ठेवणेच बरे. दहांतल्या नऊ पत्त्यांतून केवळ हशा निघतो. त्यातून कोणाचे आयुष्य उलगडत नाही आणि उलगडावे असा हट्टही नसावा. खोल प्रश्नांचाच जोड केला तर पहिल्या फेरीतच निम्मी मंडळी तासाचे निमित्त सांगून उठून जातील. भाजीचे, भांड्यांचे, थांब्यांचे प्रश्न वातावरण सैल करतात, आणि कधी तरी, कोणी न मागता, एखादा माणूस आपला फाटा सांगून जातो. त्या एका पत्त्यासाठी बाकीचे नऊ हवेत.

माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या स्नेहसंमेलनात फिशपाँडच्या दुसऱ्या दिवशी एक दुपार या खेळासाठी ठेवावी. प्रत्येक वर्गाने जुन्या पत्रिका कापून आपला जोड आपल्या भाषेत तयार करावा. ज्याची बोली मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी असेल त्याने पत्ते बेलाशक त्या बोलीत लिहावेत. गोल करताना एका घोळक्यातले दोनपेक्षा अधिक जण एका गोलात नसावेत. प्राध्यापकांनी देखरेखीसाठी न येता खेळण्यासाठी यावे आणि आपली पाळी आली की पत्ता उचलावा. आडनाव, गाव आणि टक्के या तीन गोष्टी विचारणारा पत्ता मात्र कोणी लिहू नये. ते प्रश्न विचारायला बाहेरचे जग समर्थ आहे.

आपली तीन वर्षे संपली की हातात गुणपत्रिका येईल आणि जो तो आपल्या वाटेला लागेल. पुढे एखाद्या मुलाखतीत, एखाद्या कचेरीत कोणीतरी विचारील, ‘तुमच्या वर्गात कोण कोण होते?’ तेव्हा नुसती हजेरीपटावरची नावे आठवू नयेत, त्या नावांमागची माणसेही आठवावीत, असे वाटत असेल तर मित्रहो, अजून वेळ गेलेली नाही. पत्ते कापायला घ्या!